खोलीतला दुसरा आवाज

शेवटची परीक्षा नावापुरतीच आहे, असं कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्या तन्वीनेच सांगितलं होतं. "तुमचे सगळे राऊंड उत्तम झालेत, योगिनी. ही एक ऑनलाइन टेस्ट दिलीत की थेट ऑफर." त्यामुळे बुधवारी दुपारी तन्वीचा फोन आला तेव्हा योगिनी केळुसकर वाळत घातलेले कपडे तसेच दोरीवर सोडून ओटीवर धावली. चांगली बातमी ऐकायची म्हणून चेहरा आधीच हसरा झाला होता.

"तुमच्या टेस्टमध्ये एक अडचण आली आहे," तन्वी म्हणाली. "सिस्टमला खोलीत दुसरा आवाज सापडलाय."

"दुसरा म्हणजे?"

"तुमच्याशिवाय कोणीतरी बोलतंय. आणि तो आवाज आल्याबरोबर तुम्ही उत्तर निवडलंय. सिस्टमचं तसं म्हणणं आहे. शुक्रवारी आम्हांला तुमचं स्पष्टीकरण घ्यावं लागेल."

योगिनीने काहीतरी उत्तर दिलं, काय ते तिलाच नंतर आठवेना. फोन ठेवून ती ओटीच्या कठड्यावर बसून राहिली.

ही नोकरी तिला फार हवी होती. पुण्यात चार-पाच वर्षं काढल्यावर तिथल्या कंपनीने तिचा अख्खा प्रकल्पच बंद केला होता, आणि भाड्याची खोली सोडून ती वेंगुर्ल्याला आईवडिलांकडे आली होती. आल्यावर महिन्याभरातच तिच्या लक्षात आलं की आपल्याला परत जायचं नाहीये. बाबांची होडी होती, आई बाजारात मासळी विकत होती, घरात इंटरनेट बरं चालत होतं. घरी बसून काम करू देणारी एकच कंपनी तिला सापडली. पुण्यातली, गोदामांतल्या मालाचं सॉफ्टवेअर बनवणारी.

पण त्या लोकांनी तिला पुरतं जेरीला आणलं. अर्जात लिहिलेलं सगळं पहिल्या फोनवर परत सांगायला लावलं. मग एक नमुना प्रकल्प करून मागितला. शनिवार-रविवार मान मोडून तिने तो केला, त्यावर कितीतरी दिवस कोणी चकार शब्द काढला नाही. मुलाखतीच्या दिवशी ती इस्त्रीचा कुडता घालून कॅमेऱ्यासमोर बसली आणि समोरची चौकट काळीच राहिली; मुलाखत घेणारा सुट्टीवर गेला होता. पुढे त्याने मुलाखत घेतली एकदाची, आणि लगेच नोकरीच सोडली. म्हणून तीच मुलाखत दुसऱ्याला पहिल्यापासून द्यावी लागली.

हा दुसरा म्हणजे ओंकार परब. ज्या गटात तिला काम करायचं होतं त्याचा प्रमुख. त्याने मात्र तिचा प्रकल्प नीट वाचलेला होता. अवघड विचारलं, पण मुद्द्याचं विचारलं. शेवटी "वेंगुर्ल्यात कुठे?" असंही विचारलं, आणि आपण कणकवलीजवळच्या नांदगावचे असल्याचं सांगितलं. त्या दिवशी योगिनीला वाटलं होतं, झालं आता.

मग ही नावापुरती परीक्षा. कॅमेरा सुरू, माईक सुरू, आणि उमेदवार इकडेतिकडे बघतो का, कोणाशी बोलतो का यावर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर.

दुसरा आवाज कोणाचा, हे योगिनीला विचारावं लागलंच नाही. त्या आवाजाची मालकीण तेवढ्यात रिकामी टोपली काखेला लावून घरापुढच्या खळ्यातून वर येत होती.

"आये, सोमवारी मी परीक्षेक बसललंय, तेव्हा तू कोणाशी बोलत होतंस?"

"सोमवारी?" आईने टोपली खाली ठेवली. "यशोदा इली होती. बांगड्याचे वाटे घेवक."

"मी तुका सांगललंय ना, आवाज करू नको म्हणान?"

"मी भायर खळ्यात होतंय गो."

"खळ्यातला आत आयकाक येता! अख्ख्या आळीक आयकाक येता! तुझ्या त्या बोंबेन माझी नोकरी गेली!"

पद्मावतीबाईंचा आवाज तसा होताच. बाजारात त्या एका टोकाला बसायच्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला असतानाच त्याला नावाने हाक मारायच्या. त्या आवाजावर घर उभं राहिलं होतं, योगिनीचं इंजिनिअरिंग झालं होतं. पण लेकीचं बोलणं ऐकून त्या खाली वाकल्या. टोपली उचलली आणि मागच्या दारी धुवायला निघून गेल्या.

शुक्रवारी पडद्यावर दोन चौकटी होत्या, एका चौकटीत तन्वी, दुसरीत ओंकार परब. तन्वीने ध्वनिमुद्रण लावलं. आधी नुसती खरखर. मग लांबून, पण अगदी स्पष्ट, आईचा आवाज: "तीन घे, तीन! तीनच घे गो! चवथो घेवन काय करतलंस?" मग यशोदाचं हसणं. आणि लगेच माऊसची टिचकी.

"या टिचकीला तुम्ही तिसरा पर्याय निवडलात," तन्वी म्हणाली.

"कारण तिसरा बरोबर होता."

"आवाज 'तीन' म्हणतोय, योगिनी. चौथा घेऊ नको, असंही म्हणतोय ना?"

"आई शेजारणीला मासे विकतेय. बांगड्यांचे वाटे लावलेले असतात, त्यातले तीन घे, चौथा नको, असं सांगतेय. त्या बाईंच्या घरी दोनच माणसं आहेत."

तन्वीचा चेहरा वाईट नव्हता. तिने हे लिहून घेतलं, पण लिहिताना तिच्या कपाळाची आठी गेली नाही. "समजा मी मान्य केलं. पण वरच्यांना मी काय दाखवू? आमच्याकडे ही भाषा कोणाला कळते?"

योगिनीने दुसऱ्या चौकटीकडे पाहिलं. ध्वनिमुद्रण सुरू असताना ओंकारच्या ओठांच्या कडेला हसू आलेलं तिने पाहिलं होतं. चवथो घेवन काय करतलंस, या शब्दांपाशीच आलं होतं.

"परब सर, तुम्ही नांदगावचे ना? तुम्हांला कळलं असेल ती काय बोलतेय."

ओंकारने चष्मा काढून पुसला. तन्वी त्याच्याकडे बघत होती.

"मला साधारण अंदाज येतो," तो अगदी सावकाश म्हणाला. "पण मी उमेदवाराच्या जिल्ह्यातला आहे. मी काही बोललो तर बाजू घेतल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा टेस्ट परत घ्यावी. सगळ्यांच्याच दृष्टीने ते बरं."

योगिनीला कोणीतरी भर चौकात हात झटकून पुढे गेल्यासारखं वाटलं. तिने मान डोलावली. तन्वी नियम वाचून दाखवू लागली. मंगळवारी दुपारी. या वेळी ओंकार स्वतः समोर हजर असेल. खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको. चौकटीतून उठलात तर परीक्षा आपोआप बंद.

ते चार दिवस घर विचित्रच झालं. ओटीला लागून असलेल्या खोलीतच इंटरनेटचा डबा होता, म्हणून तिथेच योगिनीचं टेबल. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. त्याला फळी नव्हती, नुसता पडदा. लॅपटॉप उघडा असो की मिटलेला, आई त्या खोलीतून चवड्यांवर चालत जायची. भांडी वाजू नयेत म्हणून मागच्या दारी नेऊन घासायची. जेवायला हाक मारायची नाही, दाराशी येऊन उभी राहायची. यशोदा एकदा खळ्यातून ओरडत आली, तर आईने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"तुझी आवस बोलना नाय," बाबा जाळं शिवता शिवता म्हणाले. गुरुदास मुळात कमी बोलणारे. दोघांच्या वाटणीचं बोलणं आई करायची. "काय सांगलंस तिका?"

"कायच नाय," योगिनी म्हणाली. एकदा मंगळवार पार पडू दे, मग तिच्याशी नीट बोलू, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यापुरती घरातली शांतता तिला सोयीचीच होती, आणि हे जाणवून तिला स्वतःचीच लाजही वाटत होती.

मंगळवारी आई जेवण आटोपून यशोदाकडे गेली. बाबा बंदरावर होते. योगिनीने कॅमेऱ्याने खोलीच्या चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालचं दाखवलं, पडदा सारून रिकामं स्वयंपाकघर दाखवलं. "ठीक आहे," ओंकार म्हणाला. "सुरू करा." त्याचा आवाज कोरडा होता. तिचाही.

या वेळी पर्याय नव्हते, एकच प्रश्न होता, आणि तो अवघड होता. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात माल हलवताना कुठेतरी आकडे दुप्पट होत होते. चूक शोधून दुरुस्त करायची होती. पहिली काही मिनिटं ती नुसत्या ओळी वाचत राहिली. मग हळूहळू गुंता दिसायला लागला. एक धागा सापडला, त्यावरून दुसरा. ती बाकी सगळं विसरली. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोपऱ्यात तिचंच छोटं चित्र होतं, पाठीमागे तो निळा पडदा, आणि खाली हिरवा दिवा: सर्व ठीक.

दिवा लाल झाला. दुसरी व्यक्ती दिसत आहे.

छोट्या चित्रात, तिच्या खांद्यामागे, पडदा अर्धा सरकला होता आणि तिथे आई उभी होती. एका हाताने तोंड घट्ट दाबून धरलेलं, दुसरा हात पदरात गुंडाळलेला.

योगिनीच्या डोक्यात तिडीक गेली. इतकं सांगूनही! ती वळली नाही, वळायची परवानगीच नव्हती. कॅमेऱ्यात दिसणार नाही इतपत हात टेबलाखाली नेऊन तिने बोटांनी खूण केली, जा. आई लगेच मागे सरली. पडदा पडला. दिवा पुन्हा हिरवा झाला.

"कोण होतं?" ओंकारने विचारलं.

"आई. चुकून आली. गेली."

"मला नोंद करावी लागेल."

"करा."

ती पुन्हा प्रश्नाकडे वळली. चूक कुठे आहे ते तिला आता जवळजवळ कळलं होतं, दहा ओळी लिहिल्या की झालं. तिने दोन लिहिल्या. तिसरी लिहिताना बोटं अडखळली. पदर. आईचा पदर सकाळी पिवळा होता. छोट्या चित्रात तो काळपट दिसला होता.

पाठीमागून काहीच आवाज येत नव्हता. माणूस घरात असताना इतकी शांतता नसते.

"सर, माझ्या आईला लागलंय. मी उठतेय."

"एक मिनिट, योगिनी. फ्रेम सोडली तर टेस्ट बंद होईल, मला ती परत उघडता येणार नाही. मी तन्वीला विचारतो, तुम्ही फक्त..."

पुढचं तिने ऐकलं नाही. खुर्ची मागे पडली. पडदा सारून ती आत गेली तर मागच्या दाराशी विळी आडवी पडली होती, शेजारी अर्धी कापलेली मोठी सुरमई, आणि चुलीच्या कट्ट्याला टेकून आई जमिनीवर बसली होती. अंगठ्याच्या मुळापासून तळहात उघडा पडला होता. पदर भिजून जमिनीवर थेंब पडत होते. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावरचा हात तिने अजून काढला नव्हता.

"आये! अगो, हाक कित्याक नाय मारलंस?"

आईने मानेनेच बाहेरच्या खोलीकडे खूण केली. मग अगदी कुजबुजून म्हणाली, "तुझा ता मशीन आयकता मा."

हॉटेलवाल्याचा माणूस आईला शोधत यशोदाकडे सुरमई घेऊन आला होता, लगेच तुकडे करून हवे होते. यशोदाकडची विळी बोथट, म्हणून आई मागच्या दाराने हळूच आली होती. हे सगळं योगिनीला नंतर कळलं. त्या वेळी तिने ओढणीने हात करकचून बांधला आणि खळ्यात जाऊन इतक्या मोठ्याने रिक्षावाल्या शिवाला हाक मारली की तो रिक्षा घेऊन दुसऱ्या गल्लीतून आला.

रिक्षात आई तिच्या खांद्यावर डोकं टाकून बसली. चेहरा पांढराफटक झाला होता. योगिनीने तो बांधलेला हात वर उचलून धरला होता. पडद्याआड गेलेल्या आईला आपण खुणेने हाकललं, आणि वर दोन ओळी लिहिल्या, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"आये, कायतरी बोल गो."

"काय बोलू?" आई म्हणाली. "जळता."

"माझा चुकला. मी तुका तसा बोलूक नको होता."

आईने डोळे मिटले. "आधी ह्यो हात शिवान घेऊया," ती म्हणाली. "मगे रड."

सरकारी रुग्णालयात डॉक्टरने टाके घातले. शीर थोडक्यात वाचली होती. बाकावर बसून योगिनीने फोन पाहिला तर मेल आलेली होती, कोणा माणसाने न लिहिलेली. परीक्षा अपूर्ण राहिल्याने आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही. आपल्याला शुभेच्छा.

बाबांना तिने ती वाचून दाखवली. ते बंदरावरून तसेच ओल्या पायांनी आले होते. "जाव दी," ते म्हणाले, आणि आईच्या शेजारी बसले.

दोन दिवसांनी तन्वीचा फोन आला. आवाजात ओशाळेपणा होता. "आईंचं कळलं. कशा आहेत त्या? हे बघा, मी बोलून ठेवलंय. विशेष बाब म्हणून तुम्हांला शेवटची एक संधी देता येईल. पुढच्या आठवड्यात तीच टेस्ट..."

योगिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आईचा हात कामाचा नव्हता. पिठाच्या बोटांत फोन धरून ती उभी राहिली. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पुण्याला परत जायची कल्पना नकोशी होती, दुसरी अशी नोकरी नजरेत नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी अजून एकही टेस्ट देणार नाही. माझा प्रकल्प तुमच्याकडे आहे. तीच मुलाखत मी दोनदा दिली, त्याच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. परवाची अर्धी टेस्टसुद्धा आहे, ती कोणीतरी वाचा. त्यावरून मला काम येतं की नाही ते ठरवा. आणि या घरात माणसं राहतात, तन्वी. ती बोलणार."

"मग माझ्या हातात काही नाही," तन्वी शेवटी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं असावं.

फोन ठेवून योगिनी पुन्हा पिठाकडे वळली. आई ओट्याशी बसून सगळं ऐकत होती. "नाय म्हटलंस?" तिने विचारलं.

"होय."

"बरा केलंस," असं आई म्हणाली नाही. ती म्हणाली, "भाकरी करपता."

पुढचे दिवस वाईट गेले. योगिनीने पुण्यातल्या आणि बेंगळुरूच्या कंपन्यांना अर्ज पाठवायला सुरुवात केली. 'पाठवा' हे बटण दाबण्याआधी दर वेळी ती अर्ज परत पहिल्यापासून वाचायची. आपण उगाच ताठा दाखवला का, असं वाटायचं. मग ओट्यावरचा तो बांधलेला हात दिसायचा आणि वाटणं थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचं.

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"योगिनी, ओंकार परब बोलतोय. ऑफिसातून नाही, घरून." थोडं थांबून तो म्हणाला, "आवशीचो हात कसो आसा?"

त्याच्या तोंडून आपली बोली ऐकून ती क्षणभर गोंधळली. "टाके पडले. बोटां हलतत."

"माका पयल्याच दिवसा कळला होता. बांगड्याचे वाटे. सगळा कळला होता, आणि मी गप रवलंय."

"कित्याक?"

"भियालंय," तो म्हणाला. "हंय मी नवीन प्रमुख. गाववाल्याक घेतल्यान, असा कोणी म्हणतला म्हणान. आणि मगे त्या दिवशी... तुमच्या पाठसून रगत दिसत होता माका. आणि मी तुमका फ्रेम सोडू नकात सांगी होतंय."

त्याला माफ करावं असं योगिनीला वाटलं नाही, आणि ओरडावंसंही वाटलं नाही.

"काल मी सगळा लिवन वर धाडलंय," ओंकार म्हणाला. "काय बोलली ती, त्याचो अर्थ काय, आणि मी आधी बोललंय नाय ता पण. तुमच्या त्या अर्ध्या टेस्टीत चूक बरोबर सापडली होती, ता पण लिवलंय. नोकरी गावतली असा मी सांगूचंय नाय. माका म्हायत नाय."

"बरा," योगिनी म्हणाली. "लिवलात ता बरा केलात."

टाके काढायच्या दिवशी रुग्णालयात रांग मोठी होती. आई बाकावर बसून शेजारच्या बाईला हात कसा कापला ते सांगत होती. योगिनीच्या फोनवर मेल आली. या वेळी खाली तन्वीचं नाव होतं. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. आपली निवड झाली आहे. सोबत नेमणुकीचं पत्र.

तिने ते दोनदा वाचलं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन तन्वीला फोन लावला.

"वाचलंत?" तन्वीच्या आवाजातच हसू होतं.

"वाचलं. एकच विचारायचंय. ते कान देऊन ऐकणारं सॉफ्टवेअर रोजच्या कामातही असतं का?"

"नाही, नाही. ते फक्त परीक्षेला. आणि परीक्षेलाही ठेवायचं का, यावर सध्या इथे भांडणं चाललीत."

"मग मी येते. पत्रावर सही करून आज पाठवते."

फोन ठेवून ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. हसू येत होतं, पण त्याच्या खाली एक थकवा होता, लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा. यांच्यासाठी काम करताना हे सगळं आपण विसरू का, असा विचार तिच्या मनात आला. विसरणार नाही, असं वाटलं. आणि काम तरीही नीट करू, असंही वाटलं.

आत आली तर आई उठून उभी होती. नाव पुकारलं गेलं होतं.

"काय झाला? कोणाचो फोन?"

"नोकरी गावली, आये. हंयच बसान करूची."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बरा हात लेकीच्या गालावर ठेवला, क्षणभरच, कारण दारातून नर्स पुन्हा नाव घेत होती.

"चल आत," ती म्हणाली. "आणि बापाशीक फोन कर. तो जेटीवर वाट बघता."